आधी जुनं संपवायचं

अर्वो हिर्वेलाला मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. वीस-बावीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं सोसायटीच्या तळघरातल्या सॉनामध्ये, म्हणजे वाफेच्या खोलीत, एकाच फळीवर उघडे बसलो. त्याच्या पाठीवर डाव्या बाजूला एक जुना व्रण होता, तो मी डोळे मिटून काढून दाखवू शकेन. पण तो कशाने झाला, हे मी कधी विचारलं नाही. त्याला भाऊ होता का, तो देव मानायचा का, मत कुणाला द्यायचा, यातलं मला काहीही सांगता येणार नाही. फिनलंडमधल्या आमच्या कोउवोला गावात माणसं एकमेकांना अशीच ओळखतात. अंगावरचे कपडे तेवढे काढतात, बाकी सगळं झाकलेलंच राहतं.

तो गेल्यावर आमची चेअरमन हिल्का साल्मेला म्हणाली की जिन्यातल्या फलकावर कुणीतरी चार ओळी लिहायला हव्यात. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी सगळ्यांत शेवटी खाली पाहिलं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. चार ओळींत मला ते जमलं नाही. ज्याला लिहायची सवय नसते त्याला थोडक्यात लिहिता येत नाही. हे फलकावर मावणार नाही आणि हिल्काला आवडणारही नाही, पण जे झालं ते असं झालं.

अर्वो वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर काटा बंद करायचा. पुढे नोकरी सुटली, पण निरीक्षकपण काही सुटलं नाही. लोकांच्या घरी कपाटावर नातवंडांचे फोटो असतात, तिथे त्याच्याकडे मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं होती. बाजारात मासळी विकणाऱ्या सख्ख्या मेव्हण्याचा काटा त्याने एकदा चार ग्रॅमसाठी बंद केला. मेव्हणा त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. अर्वो ही हकिकत अभिमानाने सांगायचा. "काटा पुढे अगदी बरोबर चालायला लागला," म्हणायचा. मेव्हण्याचं काय झालं ते त्याच्या गोष्टीत नसायचं. बायको होती तोवर वाढदिवसाचा केक कापायचं काम त्याच्याकडे असे. तुकडे इतके सारखे पडायचे की "तू मोठा घे" असा आग्रह करायची कुणाची सोयच उरायची नाही.

आणि त्याचा पाव. आमच्या पिढीचं बालपण टंचाईत गेलं, त्यामुळे घरात नवा पाव आला तरी आधी जुना संपवायचा हा नियम. राय धान्याचा काळा पाव जुना झाला की विटेसारखा होतो. तो कुरतडून संपवेपर्यंत नव्याची वीट झालेली असते. या हिशेबाने अर्वोने जन्मात ताजा पाव खाल्ला नसावा. यात हसण्यासारखं काही नाही. मीही तसाच खातो. टॉवेल, मोजे, बॅटऱ्या, सगळ्यांना हाच नियम. जे नवं आहे ते चांगलं आहे, आणि जे चांगलं आहे ते वापरायचं नसतं.

सोसायटीने सॉनातली जुनी शेगडी काढून नवी विजेची बसवली, त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी भांडणाला सुरुवात झाली. मी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, वाफ चर्रकन उठली, माझे कान भाजले.

"थंड आहे," अर्वो म्हणाला.

मी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. "ऐंशी दाखवतोय."

"कोण?"

"हा."

"त्याच्यावर शिक्का आहे?"

"नाही."

"मग तो तापमापक नाही. दागिना आहे."

पुढच्या शुक्रवारीही थंड होतं, त्याच्या पुढच्याही. अर्वोचं म्हणणं असं की नवी शेगडी कमी ताकदीची आहे, बसवणाऱ्याने सोसायटीला गंडवलं, आणि म्हणूनच शुक्रवारची मंडळी एकेक करून यायची बंद झाली. पूर्वी त्या फळीवर सात-आठ जण असत, बसायला जागा नसे. आता आम्ही दोघंच उरलो होतो. खरं सांगायचं तर काही जण मेले होते आणि काहींनी स्वतःच्या बाथरूममध्ये छोटे सॉना बसवून घेतले होते. शेगडीचा त्यात फारसा हात नव्हता. पण मी बोललो नाही. सॉनात वाद घालत नाहीत.

हिल्का मात्र बोलायची. ती निवृत्त पी.टी.ची बाई. गळ्यात शिट्टी नसली तरी असल्यासारखीच बोलते. जिन्यात तिने त्याला गाठलं.

"अर्वो, सॉना थंड नाही. तू म्हातारा झालायस."

"वय आणि तापमान या वेगवेगळ्या राशी आहेत."

"असतील. पण दोन्ही एकाच माणसात भेटतात."

तिला शेगडीत रस नव्हता, खोलीत होता. वसंतातल्या वार्षिक सभेपुढे तिने प्रस्ताव ठेवला होता: सॉना कुणी वापरत नाही, वीज फुकट जाते, तेव्हा तो बंद करून तिथे कपडे वाळवायची खोली करावी. आमच्या इमारतीत तशी खोली नाही आणि हिवाळ्यात चादरी आठवडाभर ओल्या राहतात हे खरं आहे. लोकांना प्रस्ताव पटत चालला होता.

अर्वोपुढे एकच वाट होती. शेगडी तापत नाही हे सभेत सिद्ध करायचं. मग बसवणाऱ्याला हमीपोटी मोठी शेगडी द्यावी लागेल, मंडळी परत येतील, आणि शुक्रवार वाचेल. त्याला शुक्रवार वाचवायचा होता. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो किराणा दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईखेरीज कुणाशी बोलत असेल असं मला वाटत नाही, आणि तिच्याशीही तो वजनकाट्याबद्दलच बोलायचा. शुक्रवारी निदान मी "हं" तरी म्हणायचो.

त्याने एक उपकरण मागवलं. काड्यापेटीहून थोडी मोठी करडी डबी, तिला लांब तार, तारेच्या टोकाला धातूची बारीक सळई. सळई तापमान घेणार, डबी दर मिनिटाला आकडा साठवणार, आणि मग डबी यूएसबीने कॉम्प्युटरला जोडली की त्यातला प्रोग्राम आलेख काढून दाखवणार. अशाच डब्यांमध्ये आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडकीचीही एक होती, पण ती त्याने घेतली नाही.

"खिडकी असली की लोक वाकून बघतात आणि लगेच मत बनवतात," तो म्हणाला. "आकडा आधी कागदावर आला पाहिजे. मत नंतर."

एका शुक्रवारी त्याने स्वतःच्या बसायच्या जागेवर, बरोबर डोक्याच्या उंचीला, सळई टांगली. तार दाराच्या फटीतून बाहेर काढून डबी कपडे बदलायच्या खोलीतल्या कपाटावर मागे सरकवून ठेवली. मी विचारलं, हिल्काला सांगितलंस का? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तपासणी सांगून करायची नसते, ओलावी." आठवडाभर डबी तिथेच राहिली. पुढच्या शुक्रवारी आमची पाळी संपल्यावर त्याने ती काढून खिशात घातली. सभेला आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी माझी दारावरची बेल वाजली.

आमच्या इमारतीत बाहेर पडण्याआधी माणूस दाराला कान लावून जिन्यात कुणी नाही ना याची खात्री करतो, म्हणजे नमस्कार करायची वेळ येत नाही. अशा ठिकाणी बेल वाजते ती आग लागल्यावर किंवा कुणी मेल्यावर. मी भिंगातून पाहिलं. बाहेर अर्वो उभा होता.

"कुणी गेलं का?" मी दार उघडून विचारलं.

"अजून नाही. साक्षीदार हवाय."

"मदत हवीय?"

"मदत नको. साक्षीदार. आकडे वाचताना दोन माणसं असावी लागतात."

मी त्याच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच गेलो. टेबलावर मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप होता, कॉफी होती, आणि लाकडी पाटावर जुन्या पावाचा तुकडा. नवा पाव कागदी पिशवीत शेजारीच पाळीची वाट पाहत बसला होता. अर्वोने खण उघडला, वरची काळी केबल काढली. तिच्या मानेला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तिच्या खाली एक पांढरी कोरी केबल होती, प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला तारेचा पीळ दिलेली. मला ती दिसली. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. माझ्या खणातही असंच रचलेलं असतं.

त्याने डबी जोडली. डबीवर हिरवा दिवा लागला. अर्वोने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी दिव्याचा साक्षीदार झालो. मग त्याने प्रोग्राम उघडला. पडद्यावर एक छोटी चौकट आली: उपकरण सापडले नाही.

"हं," अर्वो म्हणाला.

"दिवा तर लागलाय," मी म्हणालो.

"लपवतोय."

"कोण?"

"प्रोग्राम. डबी आहे, दिवा आहे, आकडे आहेत. आणि हा म्हणतो सापडत नाही. असले दुकानदार मी पुष्कळ पाहिलेत."

मग तपासणी सुरू झाली आणि ती जवळजवळ आठवडाभर चालली. तिचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलानंतर कॉफी प्यायची. डबी लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत घातली. सापडली नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाही. प्रोग्राम काढून पुन्हा घातला, मग त्याचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, मग व्हायरस शोधणारा प्रोग्राम बंद केला, कारण तो डबीला दारातच अडवत असावा. नाही. मी माझा कॉम्प्युटर खाली नेला. त्यालाही सापडली नाही. मला वाटलं आता तरी त्याला डबीचा किंवा तारेचा संशय येईल.

"दोघं मिळालेले आहेत," अर्वो म्हणाला.

बुधवारी त्याने फ्रीज बंद केला, कारण फ्रीजच्या मोटारीमुळे सूक्ष्म गोष्टींना त्रास होतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. डबी सापडली नाही, लोणी मात्र पातळ झालं. एवढी झाडाझडती त्या मेव्हण्याच्या काट्याचीही झाली नसेल. त्या अख्ख्या आठवड्यात एकच वस्तू अशी होती की तिच्याकडे त्याने संशयाने पाहिलं नाही, आणि ती रोज त्याच्या हातात होती.

गुरुवारी, सभेच्या दोन दिवस आधी, त्याने विकणाऱ्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. मी साक्षीदार म्हणून ऐकावं यासाठी फोनचा आवाज मोठा ठेवला. पलीकडे एक तरुण होता, आवाजाने भला वाटला.

"उपकरणावरचा दिवा लागतो का?"

"लागतो. हिरवा."

"छान. आणि खोक्यात आलेली केबलच लावलीय ना तुम्ही?"

"केबल उत्तम आहे. कित्येक वर्षं चालतेय."

"पण हे उपकरणच मागच्या वर्षी बाजारात आलंय."

"मग केबलचा अनुभव जास्त झाला की."

"तसं नाही, म्हणजे बघा, काही केबल्समधून नुसतीच..."

"हे बघ पोरा. दिवा लागतो, म्हणजे वीज जाते. वीज जाते तर आकडा का जाणार नाही? आकडा विजेपेक्षा हलका असतो." आणि त्याने फोन ठेवला.

मी कॉफी ढवळली. धीर करून म्हणालो, "तो काहीतरी केबलचं म्हणत होता."

"ते सगळे केबलचंच म्हणतात. आमच्या वेळचे दुकानदार म्हणायचे, काट्याला वारा लागतोय."

शनिवारी सभा झाली. आमची सभा तळघरातल्या खोलीत होते, सॉनाच्या शेजारीच. लोक एकेक खुर्ची मध्ये रिकामी सोडून बसतात, त्यामुळे वीस माणसांनाही खोली भरल्यासारखी वाटते. कॉफी होती, वेलदोड्याचे गोड पाव होते. सॉनाचा विषय आला तेव्हा अर्वो उठला. तो निरीक्षकाचा जुना कोट घालून आला होता. त्याने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. त्याला आशा होती की इतक्या लोकांसमोर तरी प्रोग्रामला लाज वाटेल.

समोरच्या भिंतीवर दाराएवढ्या अक्षरांत आलं: उपकरण सापडले नाही.

"आम्हाला दिसतंय, अर्वो," हिल्का म्हणाली. "तुझ्या हातातच आहे."

कुणीतरी खोकलं. अर्वोने डबी काढून परत घातली. हिरवा दिवा लागला.

"आकडे डबीत आहेत," तो म्हणाला.

"आकडे डबीत आहेत आणि थंडी तुझ्यात आहे. मतदान घेऊ या का?"

"आकडे डबीत आहेत," अर्वो पुन्हा म्हणाला, पण या वेळी आवाज खाली गेला होता. त्याचे हात कोटाच्या बाह्यांत ओढलेले होते. मी माझ्या खुर्चीवर बसून डबीसाठी प्रार्थना करत होतो, आणि मी प्रार्थना करणारा माणूस नाही.

आमच्यात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाहीत. बाकीच्या कुणीही लावला नसता, अगदी सॉना गेला असता तरी. पण हिल्काने तीस वर्षं पोरांच्या हातातले चेंडू हिसकावलेले. ती तरातरा आली आणि केबल उचलून नाकाशी धरली.

"ही कुठली?"

"यूएसबी."

"ते मला दिसतंय. ही तर दाढीच्या मशीनची आहे. आमच्याकडे अशीच होती. हिच्यातून नुसतं चार्जिंग होतं, दुसरं काही जात नाही. डबीबरोबर आलेली केबल कुठाय?"

"खणात."

"खणात का?"

अर्वोने तिच्याकडे पाहिलं. इतका सोपा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. "ती नवी आहे," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. उलट सगळ्या खोलीत माना हलल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने तर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून "साहजिक आहे" असं म्हटलं. हिल्काचीसुद्धा मान हलली.

"हं," ती म्हणाली. "ते बरोबर आहे म्हणा. पण आणा."

मला वर पाठवलं. मी पिशवी आणून दिली. अर्वोने ती टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे नुसता बघत राहिला. "जुनी अजून संपलेली नाही," तो हळूच म्हणाला. मग त्याने तोंडाची तार उलगडली, नीट सरळ करून खिशात घातली, पिशवीची घडी केली, तीही खिशात घातली, आणि केबल जोडली. कॉम्प्युटरने टुण्ण असा आवाज केला. भिंतीवरची दाराएवढी अक्षरं गेली आणि तिथे एक लांबच लांब रेघ आली.

रेघ बहुतेक ठिकाणी जमिनीलगत सरपटत होती आणि पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ती टेकडीसारखी वर चढली होती. अर्वोने टेकडीच्या माथ्यावर बाण नेला.

"मोठ्याने वाच की," हिल्का म्हणाली.

"ब्याऐंशी."

"आणि सळई कुठे टांगली होतीस?"

"माझ्या डोक्याशेजारी."

शेगडी बरोबर होती. भिंतीवरचा दागिनाही जवळजवळ बरोबर होता. अर्वोला पळवाट होती. डबी बिघडली असेल म्हणायचं, केबल नवी आहे, सवय नाही म्हणायचं. मेव्हणा नक्की म्हणाला असता. अर्वोने बाही झटकली आणि ज्या आवाजात तो कधीकाळी शिक्का मारत असेल त्या आवाजात म्हणाला, "माप बरोबर आहे."

"मग मतदान," हिल्का म्हणाली.

"थांब. नोंद पूर्ण वाचायची असते."

ही निरीक्षकाची खोड. अर्धी नोंद वाचून उठणं त्याला पाप वाटायचं. दुसरा कुणी हरलेला माणूस घरी गेला असता, पण तो बाण पुढे सरकवत राहिला. शनिवार, सपाट. रविवार, सपाट. सोमवार, सपाट. मंगळवारी सकाळी रेघ पुन्हा वर चढली. शुक्रवारच्या टेकडीइतकी उंच नाही, पण लांब, पावाच्या लादीसारखी, सकाळपासून थेट संध्याकाळपर्यंत.

"साठ," अर्वोने वाचलं. त्याने चष्मा पुसून परत वाचलं. "साठच. मंगळवारी कुणाची पाळी असते?"

"मंगळवारी कुणाचीच नसते," मागून कुणीतरी म्हणालं.

"किल्ली कुणाकडे असते?"

सगळे बुटांकडे पाहायला लागले. मी पण पाहिलं, पण त्याआधी हिल्काची मान लाल होताना मला दिसली.

"सतरंज्या ओल्या होत्या," हिल्का म्हणाली.

"किती?"

"काय किती?"

"सतरंज्या."

"तीन. चिंध्यांच्या. त्या जाड असतात."

"साठ अंश, दिवसभर, तीन सतरंज्या," अर्वो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो नोंद करत होता. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

प्रस्ताव मंजूर होण्याआधीच अंमलात आलेला आम्ही प्रथमच पाहिला. सोसायटीची फुकट जाणारी वीज कुठे जात होती तेही कळलं. दुसऱ्या कुठल्या देशात यावरून आरडाओरडा झाला असता. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने उठून सगळ्यांना पुन्हा कॉफी ओतली, हिल्कालाही. मग कुणीतरी म्हणालं की विषय तूर्त बाजूला ठेवावा, आणि तो ठेवला गेला. सॉना वाचला. पुढचा विषय चेअरमनच्या निवडीचा होता. हिल्का एकमताने निवडून आली, कारण दुसरं कुणीच तयार नव्हतं.

आम्ही दोघं जिना चढून वर आलो. अर्वो मधल्या वळणावर थांबला. दम खात होता.

"म्हणजे शेगडी बरोबर आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग थंडी कुठून येते?"

मी कठड्याकडे पाहिलं. कठड्याला रंग द्यायला झाला होता. आमच्याकडे याला उत्तर दिलं असं धरतात.

त्यानंतर सॉना थंड आहे असं तो कधीच म्हणाला नाही. मापाने निकाल दिला होता, आणि मापाविरुद्ध तो जाणारा नव्हता. फक्त डोक्यावर लोकरीची टोपी घालून बसायला लागला. मंडळी काही परत आली नाहीत. शेगडी बरोबर निघाल्यामुळे त्यांना परत यायला कारणही उरलं नव्हतं. मी मात्र दगडांवर एका पळीऐवजी दोन पळ्या पाणी टाकायला लागलो. माझे कान शिजून निघायचे.

"तुला गरम होत नाही?" त्याने एकदा विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग ठीक."

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. अंत्यसंस्कारानंतर कॉफी पिताना त्याच्या मुलीने सांगितलं की हृदय दोन वर्षांपासून कमजोर होतं, हातापायांपर्यंत रक्त पोचत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला लेखी दिलं होतं म्हणे. त्या कागदावर शिक्का नसावा. तिने घर आवरलं तेव्हा मी साक्षीदार म्हणून होतो. खणात काळी केबल वर होती आणि पांढरी तिच्या खाली, पिशवीत परत घातलेली, तोंडाला तोच पीळ दिलेला.

तो जायच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही कपडे घालत होतो. त्याने बुटांच्या नाड्या बांधायला बराच वेळ लावला. मी दाराशी थांबलो, कारण दिवा मालवायचा होता.

"घरी पाव आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. आजच आणला."

"आणि जुना?"

"थोडा उरलाय."

"मग तो आधी संपव."